घोस्ट वर्ल्ड : दोघींची गोष्ट काकांनी पळवली का?

निळीशाई
परवा 'घोस्ट वर्ल्ड' तिसऱ्यांदा पाहिला आणि तिसऱ्यांदा चिडले, म्हणून हा धागा. पुढे सगळं फोडलेलं आहे. पुस्तक १९९७चं, सिनेमा २००१चा, तेव्हा कुरकुर ऐकून घेतली जाणार नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. डॅनियल क्लाउज हा अमेरिकन चित्रकथाकार. त्याच्या 'एटबॉल' या अंकांमधून १९९३ ते १९९७ अशी ही कॉमिक्स सुटी सुटी येत होती, मग तिचं पुस्तक झालं. ईनिड आणि रेबेका या दोघी मैत्रिणी, शाळा नुकतीच संपलेली. घडत काहीच नाही. हॉटेलात बसायचं, आल्यागेल्याला नावं ठेवायची, कंटाळा आला की रस्त्याने भटकायचं. आणि हे करता करता दोघी एकमेकींपासून सुटत जातात. भांडतातही, पण भांडणामुळे नाही सुटत. कधी सुटल्या ते त्यांनाही सांगता येणार नाही, मलाही पुस्तकातलं नेमकं पान दाखवता येत नाही. मला हे पुस्तक आवडतं ते त्यासाठीच. माझीही एक मैत्रीण अशीच सुटली आहे. भांडलो असतो तर निदान समेट तरी करता आला असता.

आता सिनेमा. दिग्दर्शक टेरी झ्वायगॉफ. सिनेमात एक सीमोर नावाचा चाळिशीतला, एकटा, जुन्या अठ्ठ्याहत्तरच्या तबकड्या जमवणारा माणूस येतो (स्टीव्ह बुसेमी, काम अर्थातच झकास) आणि मधोमध बसतो. रेबेका कडेला जाते. तिला काम काय, तर कॉफीच्या दुकानात नोकरी करायची आणि भाड्याने जागा शोधायची. पुस्तक दोघींचं होतं, सिनेमा ईनिड आणि काकांचा झाला.

तर प्रश्न असा की, मोठं होण्याची गोष्ट पडद्यावर न्यायची तर मध्ये पुरुष घातल्याशिवाय चालतच नाही का?

नाक्यावरचा
हा सुरुवातीला 'जान पहचान हो' गाणं असलेलाच ना? तेवढा भाग बघितलाय. दहा वेळा. पुढे सिनेमा आहे हे आज कळलं.

तिरफळ
निळीशाई, धागा छान, पण तक्रार चुकीच्या दारात नेताय. काकांना आत आणलं ते खुद्द क्लाउजने. पटकथा त्याची आणि झ्वायगॉफची मिळून आहे, तिला ऑस्करचं नामांकनही होतं.

आणि सीमोर आभाळातून पडलेला नाही. तो पुस्तकात आहे. पेपरातली 'मैत्रीण हवी' छापाची जाहिरात वाचून पोरी एका माणसाला फोन करतात, मीच ती म्हणून हॉटेलात बोलावतात आणि लांबून त्याची गंमत बघतात. आठवलं? तो वाट बघतो, निघून जातो. कॉमिक्समध्ये त्याचं काम तिथे संपलं. सिनेमा विचारतो, तो माणूस घरी जाऊन काय करत असेल? आणि ईनिड त्याच्या मागे जाते. ज्याला हसलो त्याला घर आहे, छंद आहे, पाठदुखीचा पट्टा आहे, हे पहिल्यांदा कळणं हेच मोठं होणं नाही का? माझ्या मते सिनेमाने पुस्तकातली एक उघडी राहिलेली खिडकी आतून पाहिली. याला रूपांतर म्हणतात. जसंच्या तसं उतरवायला झेरॉक्सवाला आहे की.

निळीशाई
@तिरफळ, घरच्यानेच नेली तरी वस्तू गेली ती गेलीच. खिडकीचं म्हणणं मात्र चांगलं आहे, त्यावर विचार करते.

कोरा_कागद
वाचतोय. पॉपकॉर्न आणलेत.

मावशी_डोंबिवली
मी हा लेकीबरोबर पाहिला. ती तेव्हा सतरा वर्षांची. ईनिड आणि सीमोर शेवटी एका रात्री एकत्र येतात तिथे लेकीने उशी तोंडावर घेऊन 'ईईई' केलं आणि मला जरा हायसं वाटलं. मुलगी नुकती शाळेतून बाहेर पडलेली, हा तिच्या वडलांच्या वयाच्या आसपासचा. सिनेमा त्याला खलनायक करत नाही, बिचारा करतो, आणि त्यामुळे जास्तच अवघड होतं. दुसऱ्या दिवशी ती त्याला टाळते आणि सगळे म्हणतात, बघा, बिचाऱ्याचं आयुष्य उधळलं. अरे, मोठं माणूस कोण होतं त्या खोलीत?

तिरफळ
मावशी, हे मान्य. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

चौकटीबाहेर
मी अॅनिमेशन शिकवतो, त्यामुळे थोडं लांबेल.

मंडळी कथानकावरच बोलताहेत. चित्रकथा सिनेमात जाते तेव्हा आधी काळ बदलतो, कथानक नंतर. कॉमिक्समध्ये दोन चौकटींच्या मध्ये पांढरी फट असते. या चौकटीत ईनिड हसतेय, पुढच्या चौकटीत गप्प. मधे काय झालं ते वाचणाऱ्याने भरायचं. निळीशाईंना मैत्री सुटल्याचं पान सापडत नाही, कारण ती पानावर सुटतच नाही, फटीत सुटते. सिनेमात फट नसते. चोवीस चित्रं सेकंदाला धावतात, नटाला काहीतरी करावं लागतं, कॅमेऱ्याला कुणाकडे तरी बघावं लागतं. म्हणून मग एक सीमोर लागतो, एक चित्रकलेचा वर्ग लागतो, नोकरी जाणं लागतं. याला मी चोरी म्हणणार नाही, भाडं म्हणेन. एका घरातून दुसऱ्या घरात राहायला गेलं की भाडं बदलतं.

रंगांकडेही बघा. पुस्तक काळ्या रंगात आणि एका फिकट निळसर-हिरव्या छटेत छापलं आहे. संध्याकाळी दिवे न लावता टीव्ही चालू असला की भिंतीवर जो उजेड पडतो, तसा. सगळं गाव त्या उजेडात. सिनेमाचा छायालेखक आफोन्सो बेआतो, हा स्पॅनिश दिग्दर्शक अल्मोदोवारबरोबर काम केलेला माणूस. त्याने उलट केलं, भडक रंग ठेवले, लाल, पिवळे, दुकानांच्या पाट्यांसारखे. पुस्तकातली उदासी उजेडामुळे येते, सिनेमातली झगमगाटामुळे. मला दोन्ही पटतात.

आणि सुरुवात! गाण्यामुळे सगळ्यांना फक्त नाच आठवतो. कॅमेरा काय करतोय ते बघा. इमारतीच्या एकेका खिडकीवरून सरकत जातो. एका खिडकीत कुणी टीव्हीपुढे बसलंय, दुसरीत कुणी नुसतंच. प्रत्येक खिडकी म्हणजे एक चौकट, मधली भिंत म्हणजे फट. आणि शेवटच्या चौकटीत ईनिड, शाळा संपल्याचा लाल झगा घालून नाचतेय. झ्वायगॉफने पहिल्या दोन मिनिटांत कॉमिक्सचं पान पडद्यावर मांडलं आणि मग निरोप घेतला.

एडिसनकर
व्वा, चौकटीबाहेर! खिडक्यांचं कधी लक्षातच आलं नव्हतं.

माझी भर वेगळी. इथे जर्सीत वीस वर्षं काढली. तो सिनेमा मला भूगोल म्हणून पटतो. एकसारखी दुकानं, समोर गाड्या लावायचं मैदान, त्यापुढे पुन्हा तीच दुकानं. गाडी नसलेलं पोर अशा ठिकाणी अर्धंच माणूस असतं. दोघी पायी भटकतात हेच इथे विचित्र आहे. पुस्तकात ईनिड गाडी घेते तीसुद्धा जुनी शववाहिका! आणि शेवटी ती बसने जाते. आपल्याला एसटीत बसणं म्हणजे रोजचं. इथे उपनगरातून बस पकडणं म्हणजे सगळ्यांनी जी वाट धरली ती सोडणं. शेवट नीट कळायला हे माहीत असलेलं बरं.

नाक्यावरचा
बस म्हणजे मरण असं कुठेतरी वाचलं होतं. खरं का?

एडिसनकर
तसं मानणारे खूप आहेत. बंद पडलेल्या मार्गावरची बस, म्हातारा नॉर्मन रोज तिची वाट बघत बसलेला, लोक म्हणतात ती येणारच नाही, आणि ती येते. मला विचाराल तर बस म्हणजे बस. प्रत्येक उदास मुलीला शेवटी मारायची हौस कशाला?

सुपारी_फोड
+१ शेवटच्या वाक्याला.

खिडकीतली
आता गाण्यावर कुणीतरी नीट बोला. 'गुमनाम', १९६५. दिग्दर्शक राजा नवाथे, म्हणजे आपलाच माणूस. शंकर-जयकिशन, रफी, आणि मुखवटा लावून अंगात वीज भरल्यासारखी नाचणारी लक्ष्मी छाया. मागे टेड लायन्सचा बँड, आणि रफीच्या आवाजावर ओठ हलवणारा हर्मन बेंजामिन, जो मुळात नृत्यदिग्दर्शक.

नाक्यावरचा
आणि 'गुमनाम' स्वतः अगाथा ख्रिस्तीवरून उचललेला. म्हणजे कॉमिक्सवरून काढलेल्या सिनेमात कादंबरीवरून काढलेला सिनेमा. रूपांतराच्या पोटात रूपांतर. मोदक.

खिडकीतली
:) पण माझा मुद्दा वेगळा आहे. अमेरिकन प्रेक्षकाला ते गाणं अद्भुत वाटतं, कुठून आलं हे? ईनिडला ते हवं असतं कारण आजूबाजूला कुणालाच ते माहीत नाही. तिचं एकटीचं. आणि आमच्याकडे? आमच्याकडे ते 'छायागीत'मध्ये लागायचं आणि बाबा पेपर खाली ठेवायचे. मला ते गाणं तिचं वाटूच शकत नाही, ते बाबांचं आहे. त्यामुळे मी सिनेमा पाहिला तेव्हा पहिल्याच मिनिटाला ईनिडवर हसले. मुली, तुला जे जगावेगळं वाटतंय ते आमच्या घरी गुरुवारचं होतं. नंतर वाटलं, सिनेमाला हेच म्हणायचं असेल. त्या वयात आपण जे 'फक्त माझं' म्हणून छातीशी धरतो ते कुणाच्या तरी बाबांचं असतंच.

चौकटीबाहेर
हे फार आवडलं. सीमोरच्या तबकड्यांनाही हेच लागू. स्किप जेम्सची १९३१ची ब्लूजची तबकडी ईनिड रात्रभर पुन्हा पुन्हा लावते. सीमोरला वाटतं ती आपली, ईनिडला वाटतं ती आपली, गाणारा मिसिसिपीचा. झ्वायगॉफ स्वतः तबकड्या जमवणारा आहे, तेव्हा ही थट्टा आधी स्वतःवरच आहे.

तिरफळ
त्यात ती पोस्टरची भानगड. सीमोरच्या कंपनीच्या जुन्या जाहिरातीत काळ्या माणसाचं अपमानकारक चित्र असतं. ईनिड ते चित्रकलेच्या वर्गात 'कला' म्हणून नेते. बाई खूश होतात, प्रदर्शनात बोंब होते, शिष्यवृत्ती हातची जाते. हे पुस्तकात नाही. आणि ज्या 'गुमनाम'च्या गाण्याने सिनेमा सुरू होतो त्याच 'गुमनाम'मध्ये मेहमूद 'हम काले हैं तो क्या हुआ' म्हणतो. झ्वायगॉफच्या ध्यानात होतं की नाही कोण जाणे, पण आपल्या ध्यानात यायला हरकत नाही.

मावशी_डोंबिवली
ईनिडची वही सिनेमात किती छान काढली आहे! ती कुणी काढली?

चौकटीबाहेर
सोफी क्रम्ब. चित्रकथाकार रॉबर्ट क्रम्बची मुलगी, तेव्हा ईनिडच्याच वयाच्या जवळपास. झ्वायगॉफने १९९४मध्ये तिच्या वडलांवर माहितीपट केला होता. म्हणजे वहीपुरतं तरी खऱ्याच मुलीने काढलंय.

आणखी एक गंमत. 'डॅनियल क्लाउज'ची इंग्रजी अक्षरं हलवून मांडा. 'ईनिड कोलस्लॉ' होतं. तिचं पूर्ण नाव तेच आहे. त्यामुळे ही मुलीची गोष्ट आहे की तिशीतल्या पुरुषाने मुलीचा वेश घेऊन सांगितलेली, हा प्रश्न पुस्तकालाही विचारावा लागेल. सीमोर सिनेमात दिसतो. पुस्तकात तो चित्र काढत बसला आहे.

निळीशाई
हे मात्र लागलं. चहा करून येते.

पाटी_पेन्सिल
मग स्त्रीनेच लिहिलेली, काढलेली आणि तिनेच सिनेमात नेलेली गोष्ट बघू. 'पर्सेपोलिस'. मार्जान सात्रापी, मूळ फ्रेंचमध्ये चार भाग, २००० ते २००३. सिनेमा २००७चा, तिने आणि व्हॅन्सां पारोनोने मिळून केला, कान महोत्सवात ज्युरी पारितोषिक मिळालं. तेहरानची मुलगी, क्रांती, युद्ध, चौदाव्या वर्षी एकटी व्हिएन्नाला. तिथे एका झटक्यात वयात येते ते पान आठवतं? चेहरा लांबतो, एक डोळा आधी मोठा होतो, मग हात, मग नाक. एकेक अवयव एकेका चौकटीत, जणू सुटे भाग पार्सलने आले. सिनेमात तेच हलतं, फुगतं, ताणतं. दोन्हीकडे हसून पोट दुखतं. चौकटीबाहेर, इथे फट गेली तरी काही बिघडलं नाही!

चौकटीबाहेर
तिथे नाही बिघडलं, कारण ते पान मुळातच हालचालीचं आहे. पण त्याच पुस्तकातलं दुसरं पान घ्या. शेजारच्या घरावर क्षेपणास्त्र पडतं, ढिगाऱ्यात मैत्रिणीचं निळं कंकण दिसतं, आणि शेवटची चौकट पूर्ण काळी. त्या काळ्या चौकटीपुढे किती वेळ थांबायचं ते मी ठरवतो. माझ्या एका विद्यार्थिनीने तिथे पुस्तक मिटलं आणि आठवड्याने पुढे वाचलं. सिनेमागृहात काळोख किती वेळ ठेवायचा ते दिग्दर्शक ठरवतो, आणि फार ठेवला तर मागून कुणीतरी शिट्टी मारतं.

नाक्यावरचा
आमच्या इथे नक्की मारतं. बहुतेक मीच.

फुरसुंगी_फास्ट
मराठीत या ना जरा! चिंटू विसरलात? चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकरांचा. १९९१पासून पेपरात रोज तीन-चार चौकटी, २०१२मध्ये श्रीरंग गोडबोल्यांनी सिनेमा केला, पुढच्या वर्षी दुसराही आला. मिनी, पप्पू, बगळ्या, जोशीकाकू सगळे. पण चिंटू मोठा होतच नाही. उलट 'फास्टर फेणे' बघा. भा. रा. भागवतांचा बनेश शाळकरी, सायकलवरचा, फुरसुंगीचा. २०१७च्या सिनेमात तो कॉलेजच्या वयाचा, डॉक्टर व्हायला निघालेला. भागवतांनी केला नाही मोठा, सिनेमावाल्यांनी केला. वर भागवतही सिनेमात, दिलीप प्रभावळकरांच्या रूपात.

सुपारी_फोड
फेणे कॉमिक्स नाही. कादंबरी आहे. धागा भरकटतोय.

फुरसुंगी_फास्ट
ट्टॉक्.

कोरा_कागद
वेताळही कधी मोठा झाला नाही. इंद्रजालवर वाढलेल्या पिढीचे प्रश्न वेगळे.

सुपारी_फोड
वेताळाचं डायनाशी लग्न झालं, जुळी झाली. मोठा नाही तर काय झाला?

कोरा_कागद
लग्न झालं म्हणजे मोठा झाला असं आमच्या घरात कुणीही मानणार नाही. साक्षीला बायको आहे.

खिडकीतली
चिंटूवरून एक. चिंटू सुरू झाला तेव्हा मी साधारण त्याच्याएवढी होते. मग ताई झाले, मग जोशीकाकूंची बाजू पटायला लागली. हल्ली त्याच्या आईचा चेहरा आधी बघते.

ओलीवही
नमस्कार. बरेच दिवस नुसतं वाचते, आज पहिल्यांदा लिहितेय. वय एकवीस. या धाग्यामुळे पुस्तक मिळवून वाचलं, सिनेमा नंतर पाहिला.

तुम्ही सगळे काकांवर इतकं बोललात, पण जॉशबद्दल कुणी एक शब्द काढला नाही. पुस्तकात जॉश आहे ना! दोघी त्याला सतावतात, दोघींना तो आवडतो, ईनिड त्याच्या घरी जाते आणि शेवटी तो रेबेकाबरोबर असतो. म्हणजे मध्ये पुरुष पुस्तकातही आहे. फक्त तो इतका गुळमुळीत काढलाय की लक्षात राहत नाही. निळीशाईताई, तुम्हीही विसरलात, रागावू नका.

दुसरं म्हणजे, रेबेका सिनेमात कडेला गेली असं तुम्ही म्हणता. मला उलट वाटलं. पुस्तकात ती ईनिडची सावली आहे, ईनिड बोलते आणि ही हसते. सिनेमात ती नोकरी धरते, जागा बघते, इस्त्रीचा बोर्ड भिंतीतून बाहेर येतो म्हणून खूश होते. ईनिडला ते बावळट वाटतं. मला नाही वाटलं. मी मागच्या जूनमध्ये पुण्यात दोन मैत्रिणींबरोबर भाड्याची जागा घेतली. तिसरी येणार होती, शेवटच्या दिवशी नाही म्हणाली. तिने कारण दिलं नाही. तिची गादी आम्ही अजून ठेवली आहे, तिच्यावर कपडे सुकवतो. रेबेका रिकाम्या घरात उभी असते तो प्रसंग मी दोनदा मागे नेऊन पाहिला. स्कार्लेट जोहान्सन तेव्हा पंधरा वर्षांची होती हे नंतर कळलं. पंधराव्या वर्षी एवढं थकलेलं कसं दिसता येतं?

मावशी_डोंबिवली
ये गं बाई, लिहीत जा. गादीला ऊन दाखव अधूनमधून.

तिरफळ
जॉश!!! मी वर एवढा वाद घातला आणि हुकमाचा पत्ता हातातच राहिला.

निळीशाई
चहा करायला गेले ती दोन दिवसांनी आले. ओलीवही, रागावले नाही. पुस्तक काढून बघितलं. जॉश आहे, चांगला पानोपानी आहे. मी तो पुसून टाकला होता, कारण माझ्या गोष्टीत जॉश नव्हता. म्हणजे मी पंचवीस वर्षं क्लाउजचं पुस्तक वाचत नव्हते, माझंच वाचत होते. तेव्हा मधल्या पुरुषाचा मुद्दा मागे घेते. मावशींचा मुद्दा तसाच उभा आहे, तो मागे घेणार नाही.

पण एक गोष्ट सिनेमात नाही आणि तिच्यावर मी अडून बसणार. पुस्तकाच्या शेवटाजवळ ईनिड रस्त्यावर उभी आहे, काचेपलीकडे रेबेका दिसते. ईनिड मनाशीच म्हणते की तू फार सुंदर बाई झालीस. आत ऐकू जात नाही. हाक नाही, टिचकी नाही, एवढं म्हणून ती निघते. सिनेमात दोघी बाकावर बसून नीट निरोप घेतात, उद्या फोन कर वगैरे. छान आहे तो प्रसंग, पण मला काच हवी होती.

आणि ओलीवही, इस्त्रीच्या बोर्डाचं खरं आहे. मीही ईनिडच्या बाजूने हसत आले होते. आता घरात माझ्या तसलाच बोर्ड आहे.

चौकटीबाहेर
काच म्हणजे पुन्हा खिडकी. म्हणजे सिनेमाची सुरुवात आणि पुस्तकाचा शेवट... बरं, थांबतो, तास आहे.

नाक्यावरचा
कालच्या रविवारी अख्खा पाहिला. गाणं संपल्यावरही बरा आहे. आणि एक विचारायचंय, नामावली पूर्ण संपल्यावर सीमोर दुकानातली मारामारी जिंकतो ते कुणी कसं लिहिलं नाही इथे?

तिरफळ
काय??

निळीशाई
नामावलीनंतर? तिन्ही वेळा मी बस निघाली की बंद केला. आता चौथ्यांदा बघणं आलं.